निरोप साडेतीन लाख पट, माणूस पावणेतीन पट

२०२४ या एका वर्षात भारतातल्या लोकांनी मोबाइलच्या पडद्यासमोर १ लाख १० हजार कोटी तास घालवले. ईवाय या सल्लागार संस्थेच्या २०२५ मधल्या अहवालातला हा आकडा. वर्तमानपत्रांत तो एका ओळीत आला आणि गेला. लाख कोटी रुपये अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ऐकून ऐकून आपल्या कानांना सवय झाली आहे, पण लाख कोटी तास कशाने मोजायचे?

भागाकार करून पाहू. एका वर्षाचे तास होतात ८,७६६. त्याने भागलं की उत्तर येतं साडेबारा कोटी वर्षं.

हे उत्तर समजून घ्यायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याइतकी चांगली जागा नाही. तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या अंगावर रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड उभे आहेत. त्यांचा काळा कातळ साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. रसाळगडाच्या तटावर हात ठेवला तर जो दगड हाताला लागतो तो थंड झाल्यापासून आजपर्यंत जेवढा काळ लोटला, त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ आपण भारतीयांनी एका वर्षात पडद्यासमोर घालवला. साडेबारा कोटी वर्षं मागे गेलं तर सह्याद्री सापडतच नाही. तेव्हा भारताचा भूभाग दक्षिण गोलार्धात मादागास्करला जोडलेला होता आणि पृथ्वीवर डायनासोर हिंडत होते.

आता देश बाजूला ठेवून एका तालुक्यापुरतं बोलू. २०११ च्या जनगणनेत खेड तालुक्याची लोकसंख्या १,८१,६१५ होती. यातली लहान मुलं, फोन न वापरणारी म्हातारी माणसं आणि रेंज न येणाऱ्या डोंगरातल्या वाड्या वगळून अगदी हात आखडून निम्मीच माणसं धरली आणि प्रत्येकाचे त्याच अहवालात दिलेले सरासरी पाच तास धरले, तर रोजचे साडेचार लाख तास होतात. म्हणजे ५१ वर्षं. आज सकाळपासून रात्रीपर्यंत, भरणे नाक्यापासून खाडीपट्ट्यापर्यंत मिळून ५१ वर्षं. उद्या आणखी ५१. हा माझा अंदाज आहे, कुणी घरोघर जाऊन मोजलेलं नाही. पण तो निम्मा चुकला तरी रोजची पंचवीस वर्षं उरतात.

एवढा वेळ आला कुठून? दूरसंचार खात्याचे आकडे सांगतात की २०१४ च्या मार्चमध्ये एक मोबाइलधारक महिन्याला सरासरी ६२ एमबी डेटा वापरत होता आणि एका जीबीला २६९ रुपये पडत होते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, दर कोसळले. दहा वर्षांत महिन्याचा वापर वीस जीबीच्या पुढे गेला. सव्वातीनशे पट. पाणी, वीज, दूध, रस्ता यांतलं काहीही आपल्या आयुष्यात कधी दहा वर्षांत सव्वातीनशे पट झालेलं नाही.

पण तास मोजून काळाचा अनुभव कळत नाही. कोकणात तो नीट कळतो, कारण इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणी विभागलेली आहेत. अर्धं घर गावात, अर्धं मुंबईत. मधल्या अंतरावरच इथला सगळा संसार चालत आला. बाप गिरणीत, आई शेतावर, आणि दोघांमध्ये पोस्टमन. पत्राला मुंबईहून वाडीत पोचायला चार दिवस, उत्तर परतायला चार दिवस. महिन्याची मनिऑर्डर आली की त्या छोट्या कुपनावर लिहिलेल्या दोन ओळी अख्खं घर वाचायचं. तातडीचं असेल तर तार, आणि तार म्हटलं की काळजात धस्स व्हायचं. ती सेवाही जुलै २०१३ मध्ये, १६३ वर्षांनी, बंद झाली.

चार दिवस म्हणजे ३ लाख ४५ हजार ६०० सेकंद. आज तोच निरोप डोंबिवलीहून खेडला सेकंदात पोचतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते खेड हे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर त्याला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त लागतं. मधली यंत्रं आणि टॉवर धरून एक सेकंद म्हणू. निरोप साडेतीन लाख पट वेगवान झाला.

आणि माणूस? रातराणी एसटीने कशेडी घाट उतरून खेडला यायला आठ तास लागत. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. २७ जून २०२३ ला मुंबई–मडगाव वंदे भारत आली आणि ती खेडला थांबते. पावसाळा सोडला तर सुमारे तीन तासांत मुंबईचा माणूस खेडच्या फलाटावर उतरतो. आठाचे तीन तास. माणूस पावणेतीन पट वेगवान झाला.

भात अजूनही पेरणीपासून कापणीपर्यंत तीन-चार महिने घेतं. हापूसच्या मोहोराचा आंबा व्हायला तेवढेच महिने लागतात. बाळ नऊ महिन्यांनीच येतं. यांचा वेग एक पट, म्हणजे होता तेवढाच.

मला जे सांगायचं आहे ते या तीन आकड्यांच्या मध्ये आहे. आपली चिडचिड, अधीरता, 'वेळच मिळत नाही' ही तक्रार वेगामुळे आलेली नाही, ती वेगांतल्या तफावतीतून आली आहे. निरोप साडेतीन लाख पट पुढे पळाला आणि निरोप पाठवणारं शरीर मागे राहिलं. पूर्वी पत्र माणसाच्या पुढे धावत नसे. पत्राला चार दिवस लागत असतील तर उत्तराची वाट आठ दिवस पाहायची, हे कुणाला शिकवावं लागत नसे. आता संदेशावर दोन निळ्या खुणा उमटतात आणि दहा मिनिटांत उत्तर नाही आलं की सासूला वाटतं सून रागावली, मुलाला वाटतं बापाला बरं नाही. व्हॉट्सअ‍ॅपने या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरात आणल्या. त्याआधी उत्तर न येण्याला शंभर कारणं असू शकत होती. आता एकच उरतं, ते म्हणजे वाचलं आणि उत्तर दिलं नाही.

या निरोपांची संख्याही पाहण्यासारखी आहे. २०२० साली व्हॉट्सअ‍ॅपवरून जगभरात दिवसाला १०० अब्ज संदेश जात होते. सेकंदाला साडेअकरा लाख. एका माणसाने एका दिवसाचे सगळे संदेश, सेकंदाला एक या गतीने, न झोपता वाचायचे ठरवले तर त्याला ३,१६९ वर्षं लागतील. मनिऑर्डरीच्या जागी आलेल्या यूपीआयवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसात हजार. त्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गणपती होते. वाडीतल्या दुकानदाराला मखराचे पैसे मुंबईतून देणारी बोटंही त्यातच आली.

गणपती म्हटलं की खेडच्या, खरं तर सगळ्या कोकणाच्या, घड्याळातलं सर्वांत महत्त्वाचं मिनिट आठवतं. सकाळचे आठ. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांच्या गाड्यांसाठी नालासोपाऱ्यात, दिव्यात, भांडुपमध्ये घरोघर सकाळी पावणेआठला तयारी सुरू होते. नवऱ्याचा फोन, बायकोचा फोन, कॉलेजातल्या मुलाचा लॅपटॉप. प्रवाशांची नावं आणि वयं आधीच भरून ठेवलेली. मुलगा मोठ्याने सेकंद मोजतो. ५७, ५८, ५९. आठ वाजतात, पडद्यावर एक चाक गरगर फिरायला लागतं, वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची असतात, बँकेचा ओटीपी येतो, तो भरेपर्यंत उत्तर हजर होतं: वेटिंग.

त्या मिनिटात काय घडतं? २२ मे २०२५ रोजी आयआरसीटीसीवर एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, हा तेव्हाचा विक्रम. सेकंदाला ५३०. पापणी मिटून उघडायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात दीडशेच्या वर तिकिटं. ती अक्षरं ओळखून टाइप करायला माणसाला पाच सेकंद लागले तर देशात २,६५० तिकिटं निघून गेली. आठ डब्यांच्या वंदे भारतमध्ये साधारण ५३० जागा असतात. त्या वेगाने अख्खी गाडी एका सेकंदात भरते, आणि एका तिकिटावर चार-चार माणसं असतात हे लक्षात घेतलं तर एक सेकंदही लागत नाही.

आमच्या आधीच्या पिढीने हेच तिकीट खिडकीवर रात्रभर झोपून काढलं. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण रांगेत एक गोष्ट होती. पुढे किती माणसं आहेत ते दिसायचं. बारा तास गेले तर बारा तास गेल्याचं कळायचं, शेजारी बसलेल्याची ओळख व्हायची, चहा यायचा, आणि तिकीट नाही मिळालं तर का नाही मिळालं हे डोळ्यांसमोर घडलेलं असायचं. आताची रांग सेकंदभराची आहे आणि ती कुणालाच दिसत नाही. ज्याला मिळालं त्याला आपण कसे जिंकलो ते कळत नाही, ज्याला नाही मिळालं त्याला कुठे चुकलं ते कळत नाही. २०२५ मध्ये रेल्वेने गणपतीसाठी ३८० जादा फेऱ्या सोडल्या, २०२३ मध्ये त्या ३०५ होत्या. गाड्या वाढल्या, तरी आठ वाजताची धडधड तेवढीच आहे.

काळाची ही ओढाताण मोबाइलपासून सुरू झाली असं मात्र नाही. खेडच्या आकाशात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. खेड साधारण ७३.४ रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. एका रेखांशाला चार मिनिटं. हिशेब केला तर खेडची खरी दुपार सरासरीने बारा वाजून साडेछत्तीस मिनिटांनी होते. रेल्वे आणि तारायंत्राला एक सामाईक वेळ हवी होती म्हणून १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच घड्याळ मिळालं. मुंबईने ते मुकाट्याने घेतलं नाही. तिथे जुनी मुंबई वेळ, ३९ मिनिटं मागे असलेली, महापालिकेच्या घड्याळांत १९५५ पर्यंत टिकून होती. शेजारगावाशीही न जुळणारी स्थानिक वेळ गेली ती तेव्हाच.

आज खिशातल्या फोनला ही वेळ अणुघड्याळांच्या साखळीतून मिळते. सीझियम अणूची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनं झाली की एक सेकंद, अशी १९६७ पासूनची व्याख्या आहे. फोनच्या पोटात ना तिथी असते ना वार. १ जानेवारी १९७० च्या पहाटे साडेपाचपासून, आपल्या वेळेने, तो फक्त सेकंद मोजत असतो. १८ मे २०३३ ला सकाळी नऊ वाजून तीन मिनिटांनी ही मोजणी २०० कोटींवर पोचेल. आपला जुना हिशेब वेगळा होता. २४ मिनिटांची घटका, २४ सेकंदांचं पळ, सेकंदाच्या चार दशांश भागाचं विपळ. आणि शेतीसाठी तेरा-चौदा दिवसांची नक्षत्रं: रोहिणीत पेरणीची तयारी, मृगात पाऊस. आज हातातला एक रील बहुधा पळभराचा असतो. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार २०२५ मध्ये त्यांच्या शॉर्ट्स दिवसाला २०० अब्ज वेळा पाहिल्या जात होत्या. सेकंदाला २३ लाख. एका विपळात नऊ लाखांच्या वर.

हे रील पाहताना तास कसा जातो कळत नाही, असं सगळेच म्हणतात. यामागचं कारण मानसशास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहून ठेवलं होतं की नाना अनुभवांनी भरलेला वेळ जाताना छोटा वाटतो आणि आठवताना मोठा. रिकामा वेळ जाताना लांब वाटतो आणि आठवताना आखडतो. पडद्यावरचा तास या दोन्ही कोष्टकांत बसत नाही. तो जाताना छोटा वाटतो आणि आठवतानाही छोटाच असतो, कारण आठवायला काही राहिलेलंच नसतं. रात्री झोपताना कालच्या तासाभरात काय पाहिलं ते आठवून पाहा. दीडशे पळांत शंभरेक गोष्टी डोळ्यांपुढून गेल्या असतील, त्यातल्या तीनही सांगता येत नाहीत. त्याउलट शिमग्यात पालखी सहाणेवरून उठली, ढोल वाजले, घरोघर फिरून पहाटे परत आली, ही एक रात्र माणूस पन्नास वर्षांनीही तासातासाच्या तपशिलासह सांगतो. दोन्ही वेळा घड्याळ सारखंच चाललं होतं.

लक्ष किती लवकर सुटतं याचीही मोजणी झालेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी पडद्यावर काम करणाऱ्या माणसांवर वर्षानुवर्षं घड्याळ लावलं. २००४ मध्ये माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. २०१२ मध्ये ७५ सेकंद. अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंद. दोन पळं.

या घाईचा सर्वांत जास्त सलणारा पुरावा माझ्या मते फार छोटा आहे. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये आवाजी निरोप दीडपट आणि दुप्पट वेगाने ऐकायची सोय दिली. गावातली आजी टाइप करत नाही. ती ओटीवर बसून फोन तोंडाजवळ धरते आणि बोलते: गाईला वासरू झालं, फणस लागलेत, कौलं शाकारायची आहेत, गणपतीला येणार ना रे बाळा? मध्ये थांबते, खोकते, आठवून पुन्हा बोलते. दोन मिनिटं. नातू लोकलच्या दारात उभा राहून एका बोटाने दुप्पट वेग लावतो आणि एका मिनिटात ऐकून टाकतो. निरोप पूर्ण पोचतो, एकही शब्द गळत नाही. गळतो तो तिचा थांबा, आणि तिच्या प्रश्नातला अर्धा भाग त्या थांब्यात असतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. खेडला जगबुडीची धोक्याची पातळी सात मीटर. सह्याद्रीवर जोर धरला की ही नदी काही तासांत चढते. २२ जुलै २०२१ चा पूर खेड आणि चिपळूण दोघांच्याही कायमचा लक्षात आहे. त्यानंतर दर पावसाळ्यात पुराचे जुने व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरतात. व्हिडिओवर तारीख नसते. काही वर्षांपूर्वीचं पाणी मुंबईतल्या माणसाच्या हातात आज सकाळी वाढत असतं, तो घाबरून आईला फोन लावतो आणि इकडे अंगणात ऊन पडलेलं असतं. उलटंही होतं: दहा खोट्या सूचनांनंतर अकरावी खरी असते आणि तोपर्यंत माणूस कंटाळलेला असतो. ज्या गावात पाणी तासांत चढतं तिथे काल आणि आज यांची अशी सरमिसळ जिवावर बेतू शकते. म्हणून पूर, दरड, धरणाचा विसर्ग यांबद्दलचं काहीही पुढे ढकलण्यापूर्वी त्यावर तारीख आणि वेळ आहे का, एवढं एक पाहायलाच हवं.

याच माध्यमाने दिलेलंही कमी नाही आणि ते सांगितलं नाही तर हिशेब खोटा होईल. खाडीपट्ट्यातल्या किती घरांतली माणसं आखातात आहेत. कुवेत आणि सौदीत घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबईत दीड तास. वर्षा-दोन वर्षांनी एकदा घरी येणारा बाप रोज रात्री मुलीचा अभ्यास घेताना दिसतो. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठावरून शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केपटाउनला गेलेल्या कोकणी मुसलमान घराण्यांना गावाशी नातं राखायला बोटीने जाणारी पत्रं होती. आज साडेतीन तासांच्या फरकाने ईदच्या शुभेच्छा समोरासमोर दिल्या जातात. ज्या चाकरमान्याला रजा मिळाली नाही तो शिमग्याची पालखी फोनवर थेट पाहतो. साडेतीन लाख पट वेगाचं खरं देणं हे आहे आणि ते मोलाचं आहे.

फक्त हा वेळ आणि साडेबारा कोटी वर्षांतला उरलेला वेळ एकाच पडद्यावर, एकाच अंगठ्याने खर्च होतो, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा लागत नाही. तो लावता येतो. पाच तासांना ३६५ ने गुणलं की १,८२५ तास. त्यांना २४ ने भागायचं कारण नाही, कारण झोपेत कुणी फोन पाहत नाही. जागेपणाच्या १६ तासांनी भागायचं. उत्तर ११४ दिवस. जून ते सप्टेंबर हे कोकणातल्या पावसाचे चार महिने १२२ दिवसांचे. मृगाच्या पहिल्या सरीपासून हस्ताच्या तोंडापर्यंत जवळजवळ सगळा पावसाळा, पेरणी, लावणी, नागपंचमी, गोकुळाष्टमी, गणपती यांसकट, डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत.

आता हे वाचून झाल्यावर फोनच्या सेटिंग्जमध्ये जा. तिथे 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम' असं काहीतरी सापडेल आणि त्यात तुमचा रोजचा आकडा असेल. त्याला ३६५ ने गुणा, १६ ने भागा, आणि येतील तेवढे दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने खोडून बघा. त्यातले घरच्या माणसांशी बोलण्यात गेलेले कोणते, हे तुम्हालाच माहीत असेल. ते तसेच राहू द्या. बाकीच्यांपैकी किती परत हवेत, ते घरात बसून ठरवा.